नक्षीतले फूल आणि चरबा

आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींकडून चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी मी करून घेते. मी चित्रकलेची शिक्षिका नाही. बी.एड.ला माझे विषय उर्दू आणि इतिहास होते. पण पुष्कळशा उर्दू शाळांत चित्रकलेचा तास ज्याच्या वेळापत्रकात रिकामी जागा असेल त्याच्याकडे जातो, तसा तो माझ्याकडे आला. एलिमेंटरीला संकल्पचित्राचा भाग असतो. दिलेल्या आकारात पाने-फुले घेऊन नक्षी बसवायची आणि ती रंगवायची. गेल्या वर्षी मी मुलींना सांगितले, घरून एकेक नक्षी काढून आणा. बेचाळीस वह्या जमा झाल्या. त्यांतल्या तीसहून अधिक वह्यांत एकच फूल होते. पाच सारख्या पाकळ्या, मध्ये पिवळा गोळा, खाली दोन्ही बाजूंना एकेक पान. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शक पुस्तकातून ते ट्रेसिंग पेपरने उतरवलेले होते. मी एका मुलीला विचारले, "हे कोणते फूल?" ती गोंधळली. मग म्हणाली, "डिझाइनचे फूल, आपा."

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी आल्यावर ते उत्तर डोक्यातून जाईना. डिझाइनचे फूल म्हणजे काय? नक्षीतली फुले कुठून येतात? ती पहिल्यांदा कुणीतरी झाडावर पाहिलेली असतात, की एका नक्षीतून दुसऱ्या नक्षीत उतरत आलेली असतात? हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून केलेल्या वाचनातून आणि थोड्याफार भटकंतीतून तयार झाला आहे. मी कलासमीक्षक नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पण ज्या परंपरेविषयी मी लिहिते आहे ती आपल्या घरातली आहे. तिच्याविषयी दुसऱ्यांनी बांधलेली मते आपण फार दिवस तशीच मान्य करत आलो आहोत, म्हणून हे धाडस.

सुरुवात एका शब्दापासून करते. उर्दू साहित्यात एखाद्याने दुसऱ्याच्या लेखनाची नक्कल केली तर आपण म्हणतो, त्याने चरबा उतारला. अमक्याची गझल तमक्याच्या गझलेचा चरबा आहे, असे टीकाकार सहज लिहून जातात. हा शब्द मुळात चित्रकारांच्या कारखान्यातला आहे, हे मला फार उशिरा कळले. हरणाचे कातडे घासून घासून इतके पातळ करायचे की त्यातून आरपार दिसावे. ते चित्रावर ठेवून बाह्यरेषा उतरवून घ्यायच्या, रेषांवर सुईने बारीक भोके पाडायची आणि दुसऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाची पूड झटकायची. खाली ठिपक्यांची रेघ उमटते. हाच चरबा. म्हणजे माझ्या मुलींचा ट्रेसिंग पेपर काही नवा नाही. बादशहांच्या चित्रशाळांतही तो होता, आणि तिथे त्याची कुणाला लाजही वाटत नव्हती. चांगला आकार हाती आला की तो जपून ठेवायचा आणि शागिर्दाला द्यायचा, ही तालीमच होती. त्यामुळे चरबा म्हणजे चोरी इतके सोपे समीकरण मी मांडणार नाही. चरबा कशाचा आहे आणि त्याच्या मुळाशी कुणाचा मुशाहिदा, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी केलेले निरीक्षण, शिल्लक आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

आता पहिले बांधीव मत. शाळेच्या पुस्तकांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकापर्यंत सगळीकडे हे सांगितले जाते की इस्लाममध्ये सजीवांची चित्रे काढायला मनाई असल्यामुळे मुसलमान कारागीर फुलापानांच्या आणि भूमितीच्या नक्षीकडे वळले. म्हणजे नक्षी ही एक पर्यायी सोय झाली. माणूस काढता येत नाही, म्हणून फूल काढले! हे मत बाहेरचेच लोक मांडतात असे नाही. आपल्या मोहल्ल्यातही ते तितकेच पक्के आहे. गेल्या वर्षीच एका मुलीचे वडील शाळेत आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आपा, चिड्या-बिड्या नक्को, फुलां-बिलां चलते." त्या भल्या माणसाचा मला राग आला नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत इब्ने अब्बास यांची एक रिवायत आहे. चित्रांवर पोट असलेला एक कारागीर त्यांच्याकडे येतो, आणि ते त्याला सांगतात की तुला काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ. त्या वडिलांच्या मनात हीच रिवायत होती. उलेमांमध्ये या विषयावर मतांतरे आहेत, त्यांत शिरण्याची माझी पात्रता नाही आणि या लेखाची ती गरजही नाही. मला खटकतो तो "चलते" हा शब्द. फूल चालते. म्हणजे ते काढायला हरकत नाही, पण त्यात बघण्यासारखेही काही नाही. झाड काढ म्हणून ज्याला सांगितले, त्या कारागिराने आधी झाड नीट पाहायला नको का?

इतिहासाच्या बाजूनेही हे मत टिकत नाही. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर, ज्याला बादशहाने नादिर-उल-अस्र हा किताब दिला, तो पक्षी आणि प्राणी काढण्यात तरबेज होता. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहासाठी नाना चमत्कारिक चिजा आणल्या, त्यांत एक टर्की कोंबडा होता. जहांगीरने त्याचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात लिहिले आणि चित्रकारांकडून तो काढूनही घेतला. मन्सूरच्या नावावर असलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 1621 मध्ये त्याने झेब्रा काढला, तोही तिथेच आहे. आणि या दोन चित्रांच्या मधल्या काळात, 1620 च्या वसंतात, तो बादशहाबरोबर काश्मीरला गेला आणि त्याने फुले काढली. जहांगीरने लिहून ठेवले आहे की काश्मीरच्या फुलांची गणतीच नाही, आणि मन्सूरने काढलेल्यांची संख्या शंभराच्या वर जाते. म्हणजे ज्या माणसाला झेब्रा काढायला कुणी अडवले नाही, त्याने शंभरावर फुले काढली. ती मनाईमुळे काढली असे कसे म्हणणार? त्याने ती काढली कारण ती समोर होती, आणि त्याच्या मालकाला ती बघण्याचा नाद होता.

त्या शंभरांतली आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध लाल ट्युलिप अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. मी तो छापील स्वरूपातच पाहिला. आपल्या शायरीतला गुल-ए-लाला म्हणजे हाच की पोस्तासारखे दुसरे कुठले लाल फूल, यावर वाद आहे. पण वाचता वाचता मला जाणवले की लाला हा शब्द मी शाळेपासून शिकते आणि शिकवते आहे. त्याच्या काळजातल्या डागावर मी परीक्षेत उत्तरे लिहिली आहेत, आणि हे फूल दिसते कसे हे मला मन्सूरच्या चित्रापर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या गझलेतही डिझाइनची फुले पुष्कळ आहेत. तो वेगळा विषय, आणि मी उर्दूची शिक्षिका असल्याने तो इथे वाढवत नाही!

दुसरे बांधीव मत अभ्यासकांचे आहे, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त विचार करण्याजोगे आहे. अकबराच्या काळात, 1580 पासून, गोव्याहून जेझुइट पाद्री दरबारात येऊ लागले. त्यांच्याबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर युरोपातली छापील पुस्तके आली. वनस्पतींची चित्रे असलेली पुस्तकेही पुढे दरबारात पोहोचली. रॉबर्ट स्केल्टन यांनी 1972 मध्ये असे मांडले की मुघल कलेत पुढे सर्वत्र दिसणारे, मोकळ्या जागेवर एकटेच उभे असलेले फुलझाड हे या युरोपीय छापील चित्रांवरून आले. पुरावे पटण्यासारखे आहेत. एकाच झाडावर कळी, अर्धे उमललेले फूल आणि पूर्ण उमललेले फूल दाखवणे, तेच फूल समोरून आणि बाजूने दाखवणे, झाडाच्या भोवती एखादा कीटक सोडणे, ही औषधी वनस्पतींच्या पुस्तकांची रीत होती. दारा शिकोहने आपली पत्नी नादिरा बानू हिला दिलेला चित्रसंग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावर भेटीचा लेख आहे. त्यातली काही फुले तर युरोपीय छापांवरून घेतलेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

हे वाचून आपल्यातले काही लोक नाराज होतात. आमचे म्हणून जे एवढे मिरवले तेही उसनेच निघाले, असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. मांडणी उसनी घेता येते. माझ्या वर्गात मुलींना शुद्धलेखनाची चौकट मी देते, आत काय लिहायचे ते त्यांचे असते. मन्सूरने चौकट पाहिली असेल, पण काश्मीरच्या कुरणातले फूल त्याने कुठल्याही छापील पुस्तकातून आणलेले नाही. उलट दाराच्या संग्रहात जिथे छापाचा चरबा आहे तिथे तो ओळखू येतो. फूल तपशिलाने भरलेले असते, पण देठ फुलाचे वजन पेलत नाही. चित्रकाराने ते झाड वाऱ्यात हललेले पाहिलेले नाही, हे आपल्यासारख्या अडाण्यालाही कळते. देठाकडे पाहा, असे मी आता मुलींना सांगते. फुलात खोटे लपते, देठात लपत नाही.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. मन्सूरचे फूल हे चित्र आहे, नक्षी नव्हे. नक्षीला पुनरावृत्ती लागते, तोल लागतो, दोन्ही बाजू सारख्या लागतात. झाडाला यांतले काही बांधील नसते. मग पाहिलेले झाड नक्षीत बसवताना त्यातले काय सोडायचे आणि काय ठेवायचे? शाहजहानच्या काळातल्या चित्रसंग्रहांचे हाशिये पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर सापडते. मधल्या चित्राच्या किंवा सुलेखनाच्या चारी बाजूंनी रुंद समास असतो आणि त्यात फुलझाडे रंगवलेली असतात, सोन्याच्या रेषेने उठवलेली. एक ओळ, तिच्या मधल्या जागांत दुसरी ओळ. लांबून पाहिले तर सतरंजीसारखी एकसारखी नक्षी वाटते. जवळून पाहिले तर शेजारची दोन झाडे सहसा एक नसतात. एकाचे पान टोकाला मुरडलेले, दुसऱ्याची कळी लवलेली. तोल जागांचा आहे, झाडांचा नाही. झाडे कशी उभी राहतील हे चित्रकाराने ठरवले, पण वाढू दिले त्यांना त्यांच्या पद्धतीने. हल्ली वर्तमानपत्रांत उपेक्षितांसाठी हाशियावरचे लोक असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते वाचताना मला हे हाशिये आठवतात, कारण कित्येक पानांवर मधल्या दरबारी चित्रापेक्षा तिथेच जास्त जीव आहे.

ताजमहालाच्या खालच्या भागातल्या संगमरवरी पट्ट्यांवर कोरलेली फुलझाडे ही याच दृष्टीची पुढची पायरी. इथे तोल अधिक कडक झाला आहे. मधले फूल सरळ, दोन्ही बाजूंना फांद्या सारख्या, खाली मातीचा छोटासा उंचवटा. वनस्पतिशास्त्रज्ञांना यांतली सगळी झाडे ओळखता येत नाहीत. काही आयरिससारखी, काही ट्युलिपसारखी, काही कुठल्याच झाडासारखी नाहीत. पण न ओळखता येणारे झाडही खोटे वाटत नाही. पाने देठाला जिथे फुटायला हवीत तिथेच फुटली आहेत, कळ्या आपल्या भाराने झुकल्या आहेत. कारागिराने झाड कसे वाढते हे पाहिले होते, म्हणून नसलेले झाडही त्याला वाढवता आले. मला वाटते नक्षीसाठी निसर्ग पाहायचा तो यासाठी. फुलाचा आकार पाठ करायचा नसतो, वाढण्याची रीत समजून घ्यायची असते.

इथे मुमताज बेगमचा आपल्या भागाशी असलेला संबंध आठवल्याशिवाय राहवत नाही. तिचा इंतकाल 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला झाला, खानदेशाच्या अगदी उंबऱ्यावर. तिथल्या शाही किल्ल्यात हमाम आहे आणि त्याच्या छतावर जुनी रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे. आमची सहल गेली तेव्हा मार्गदर्शकाने सांगितले की बेगमसाहेबांसाठी हा हमाम बांधला, आणि पुढे निघाला. मुली माना वर करून उभ्या राहिल्या. रंग उडालेले, गिलावा फुगलेला, तरी छतावर मान दुखेपर्यंत पाहण्यासारखे आहे. आमच्या एका सहकारी शिक्षकांनी घाई केली, कारण पुढे जेवणाची वेळ ठरलेली होती. सहलीत नक्षीसाठी तीन मिनिटे आणि जेवणासाठी दीड तास, हा हिशेब काही बरा नव्हे.

आता घरचा दाखला. औरंगाबादचा (2023 पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा मी लहानपणापासून शंभरदा पाहिला असेल. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. दरवाजावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुरचनाकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावे आहेत. एका मुसलमानाचे आणि एका हिंदूचे नाव एका दारावर, हे आम्ही शाळेत अभिमानाने सांगतो. मकबऱ्याला दख्खनचा ताज म्हणतात आणि लगेच गरिबांचा ताज असेही हिणवतात. पैशांची तफावत होतीच. मकबऱ्याला संगमरवर खालच्या पट्टीपुरता आणि घुमटाला मिळाला, मधला भाग इथला काळा दगड आहे आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. पण ही तुलना मला नेहमी उथळ वाटत आली. चुना हे संगमरवराचे दरिद्री रूप नव्हे, ते वेगळे माध्यम आहे आणि त्याची स्वतःची हुन्नर आहे. उन्हात त्या गिलाव्यावरची फुले मऊ दिसतात, दगडाची तशी दिसत नाहीत.

तरीही या लेखासाठी मी मागच्या डिसेंबरात वही घेऊन गेले आणि तासभर एकेक फूल पाहिले, तेव्हा एक कडू गोष्ट लिहावी लागली. मुख्य दाराच्या पितळी पत्र्यावरची वेल मला पसंत पडली. ती वळते, फाटे फोडते, पुढे सरकते. तिच्यात वेलीची चाल आहे. पण गिलाव्यातली बरीच फुले मला माझ्या मुलींच्या वह्यांतल्या फुलांची बहीण वाटली. पाकळ्या सारख्या, पाने सारखी, देठ नुसती जोडरेषा. ताजची पट्टी आणि मकबऱ्याचा गिलावा यांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर, पण आग्र्याच्या कारागिरामागे मन्सूरच्या आणि त्याच्या साथीदारांच्या वह्या होत्या. दख्खनच्या कारागिरासमोर आग्र्याची नक्षी होती. त्याने नक्षीवरून नक्षी केली. मला हे दिसले, दुसऱ्याला कदाचित वेगळे दिसेल. मकबऱ्यावर माझे प्रेम कमी नाही, आणि टीका करताना मला आपल्याच खाला-फुफीविषयी बोलल्यासारखे झाले. पण आपल्या वास्तूंची नुसती तारीफ करणे आणि त्या न पाहणे यांत फारसा फरक नसतो.

मला जास्त हळहळ वाटते ती याची की त्या कारागिराच्या भोवती पाहण्यासारखे काही कमी नव्हते. त्याच जिल्ह्यात अजिंठा आहे. अजिंठ्याची छते पाहा. बोधिसत्त्वांच्या चित्रांपुढे सगळे थांबतात, मान वर कोण करतो? पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांनी छताचे चौकोन पाडून त्यांत कमळे, वेली, फळे, पक्षी भरले. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची एक माळ आहे, त्यांतला प्रत्येक हंस वेगळ्या ढबीत. कुणी मान मागे वळवली आहे, कुणी चोचीने पिसे साफ करतो आहे. नक्षीची माळ तुटत नाही आणि हंसही छापाचे होत नाहीत. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून 1885 पर्यंत या लेण्यांच्या नकला करत राहिले. त्यांतल्या पुष्कळ नकला लंडनच्या आगीत जळाल्या, पण 1896-97 मध्ये त्यांचे दोन खंड छापून निघाले, आणि छतांच्या नक्षीला त्यांत भरपूर जागा मिळाली. मकबऱ्याच्या कारागिराला अजिंठा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, लेणी तेव्हा जंगलात होती. आम्हाला मात्र ठाऊक आहे, आणि तरी आमच्या सहली छताखालून मान खाली घालून परत येतात. अजिंठा त्यांचा आणि मकबरा आमचा, अशी वाटणी कुणी शिकवलेली नसताना मुलांच्या मनात कुठून येते, हेही एकदा शोधायला हवे.

माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे, ती लपवत नाही. न पाहिलेल्या झाडाचीही उत्तम नक्षी होऊ शकते. तुर्कस्तानात सुलतान सुलेमानच्या दरबारात शाहकुली नावाचा चित्रकार होता. त्याने लोकप्रिय केलेली लांब, दातेरी, तलवारीसारखी वळलेली पाने कुठल्याही झाडाला येत नाहीत. ती कल्पनेची आहेत, आणि डोळे खिळवून ठेवणारी आहेत. त्याच्यानंतर आलेल्या कारा मेमीने मात्र बागेकडे तोंड वळवले. ट्युलिप, गुलाब, कार्नेशन, हायसिंथ ही इस्तंबूलच्या बागांतली फुले त्याने नक्षीत आणली. 1560 च्या सुमारास बांधलेल्या रुस्तम पाशाच्या मशिदीत इझ्निकच्या रंगवलेल्या फरश्यांवर ट्युलिपच ट्युलिप आहेत, अगदी इबादतीच्या जागी. दोन्ही रीती एका दरबारात एकामागून एक फुलल्या. मग पाहणेच श्रेष्ठ असे कसे म्हणावे? माझे उत्तर इतकेच आहे की शाहकुलीच्या कल्पनेचा चरबा उतरवणाऱ्यांना लवकर थकवा आला, आणि कारा मेमीच्या फुलांवर पुढच्या पिढ्या जगल्या, कारण दर वसंतात बाग पुन्हा फुलत होती. उत्तर पुरेसे नाही हे मला कळते. भूमितीच्या नक्षीला तर ते लागूच पडत नाही.

आपल्या मराठीतला नक्षी हा शब्द अरबी नक्श वरून आला आहे. नकाशाही त्याच घराण्यातला. पैठणीच्या पदरावरची आसावली घ्या, हिमरूवरची बुट्टी घ्या, या कामात नक्षी हा शब्द आणि काम करणारे हात यांची जात कुणी विचारली नाही. पण आज बाजारात इस्लामिक पॅटर्न नावाने टाइल्स मिळतात, आणि नवी मशीद बांधणारी जमात त्याच टाइल्स लावते. संगणकावर एक फूल काढायचे आणि हजारदा छापायचे. माझ्या मुली मार्गदर्शकातून फूल उतरवतात आणि त्यांचे वडील टाइलवर तेच फूल पाहून समाधानाने नमाजला उभे राहतात. यात धर्माचा काही दोष नाही. दोष आपल्या आळसाचा आहे. आमच्या समाजात मुलांच्या तालिमीविषयी आता जागृती आली, गणित-इंग्रजीच्या शिकवण्या लागल्या. पण ग्रेड परीक्षा पास झाल्याने दहावीला वाढीव गुण मिळतात एवढे सांगितल्याशिवाय पालक रंगाची पेटी घेत नाहीत. मी तेही सांगते, रंग आले पाहिजेत.

या एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, मी संकल्पचित्राचा तास मैदानात नेला. ट्रेसिंग पेपर टेबलावर ठेवून घेतले. आमच्या मैदानाला बाग नाही. भिंतीकडेला रुई वाढली आहे, तिला आमच्याकडे आक म्हणतात, फाटकापाशी कण्हेर आहे आणि मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर एक गुलमोहर. मुलींना रुईजवळ बसवले. पाच पाकळ्यांच्या मध्ये एक पाच कोपऱ्यांचा जांभळा मुकुट उभा असतो. कंपास घेऊन जो पंचकोन त्या कर्तव्यभूमितीत काढतात, तो रोज त्यांच्या दप्तराला घासत होता. एका मुलीने स्वतः शोधून दाखवले की रुईच्या पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची जोडी दक्षिण-उत्तर असते. वरून पाहिले की फुली दिसते. कण्हेरीच्या पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला मुरडतात, भिंगरीसारख्या. हे मला चाळिशीच्या उंबऱ्यावर कळले.

गुलमोहराने मात्र गोंधळ घातला. सगळ्यांनी पाच लाल पाकळ्या सारख्या काढल्या होत्या. मी प्रत्येकीच्या हातात एक फूल दिले. चार पाकळ्या लाल, आणि पाचवी पांढरट-पिवळी, लाल ठिपक्यांची, थोडी उभी. इतकी वर्षे तो मोहर पायाखाली तुडवून शाळेत जातो, पण पाचवी पाकळी कुणी पाहिलेली नव्हती. मीही नाही. मग नववीतली एक मुलगी रडकुंडीला आली. तिला चौकोनात चार कोपऱ्यांना चार गुलमोहर बसवायचे होते, आणि पाचव्या पाकळीमुळे नक्षी एका बाजूला कलत होती. "आपा, सारख्या काढू का? कुणाला कळणार आहे?" मी म्हटले, मला सुचत नाही, तूच बघ. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. चारही फुले तिने अशी वळवली होती की ठिपक्यांच्या पाकळ्या चौकोनाच्या मध्याकडे आल्या, आणि त्या चार पाकळ्या मिळून मध्ये एक पाचवे, पांढरे फूल झाले होते. मध्याच्या जागी ती पहिल्यांदा पिवळा गोळा काढणार होती. तो खोडल्याची खूण कागदावर अजून दिसते.